अहवालाच्या मागच्या बाजूला काढलेल्या चित्राबद्दल

आदरणीय डॉक्टर,

सादर प्रणाम.

तीन वर्षांपूर्वी मी आपल्याकडे आले तेव्हा माझ्या हातात एकच कागद होता आणि त्यावरच्या एका आकड्याखाली मी दोनदा रेघ ओढली होती. अँटि-टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे (अँटिबॉडी), ४१२, प्रयोगशाळेने दिलेली मर्यादा ३४. त्याच कागदावर टीएसएच (थायरॉइडला काम करायला लावणारे संप्रेरक) ३.६ असल्याचे आणि फ्री टी-फोर (थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक) मर्यादेत असल्याचे छापलेले होते, पण त्या दोन ओळींकडे माझे लक्षच गेले नव्हते. त्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी ‘थायरॉइड संपत चालली आहे, आता आयुष्यभर गोळी’ एवढेच ऐकून मी बाहेर पडले होते आणि त्याचा अर्थ विचारण्याचे धैर्य मला झाले नव्हते. आपण त्या दिवशी मला जो पाऊण तास दिलात, त्याबद्दल हे पत्र आहे. ते लिहायला फार उशीर झाला, याबद्दल क्षमा असावी.

आपण अहवाल उलटा केलात, कोऱ्या बाजूला ग्रंथीचे चित्र काढलेत आणि टीपीओ म्हणजे काय येथपासून सुरुवात केलीत. थायरॉइड पेरॉक्सिडेज हे ग्रंथीच्या पेशींमधले विकर (एन्झाइम). थायरोग्लोब्युलिन या प्रथिनाला आयोडीन जोडून त्यातून संप्रेरक घडवण्याचे काम त्याच्याकडे असते. रोगप्रतिकारक यंत्रणा या आपल्याच विकराला परके समजू लागली की त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी ग्रंथीत शिरून ठाण मांडतात. हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यचिकित्सकाने १९१२ साली चार स्त्रियांच्या ग्रंथींमध्ये नेमके हेच पाहून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि अशा रुग्णांच्या रक्तात थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे असतात हे १९५६ साली लंडनमधील संशोधकांनी दाखवले, हेही आपण सांगितलेत. या आजाराच्या ‘हाशिमोटो’ या ज्या नावाने मला दोन रात्री झोप लागू दिली नव्हती, ते एका बारकाईने पाहणाऱ्या माणसाचे नाव आहे, हे कळल्यावर मला खरोखर बरे वाटले.

त्यानंतर आपण जे समजावलेत, ते मला आजवर सर्वांत उपयोगी पडले आहे. ग्रंथीची झीज मुख्यतः त्या पांढऱ्या पेशींमुळे होते आणि रक्तातली प्रतिपिंडे ही तिथे काही चालू असल्याची खूण असते. ४१२ म्हणजे ग्रंथी किती बिघडली याचे माप नव्हे. दुसऱ्या प्रयोगशाळेत वेगळ्या संचावर तपासले तर आकडा निराळा येईल, मर्यादाही निराळी असेल, म्हणून दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये. ग्रंथीचे काम कसे चालले आहे हे विचारायचे ते टीएसएचला. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तातले थायरॉइड संप्रेरक सतत अजमावत असते आणि ते किंचित कमी पडले तरी टीएसएच वाढवून थायरॉइडला अधिक काम करायला लावते. म्हणूनच टी-फोर अजून मर्यादेत असतानाही टीएसएच आधी चढलेला दिसतो.

मी विचारले, ‘मग मला हा आजार होणार की नाही?’ आपण होय म्हणाला नाहीत आणि नाहीही म्हणाला नाहीत. इंग्लंडमधील विकहॅम येथे लोकांचा २० वर्षे पाठपुरावा केला गेला, त्याचे आकडे आपण त्याच कागदावर लिहिलेत: प्रतिपिंडे आहेत पण टीएसएच ठीक आहे, अशा १०० स्त्रियांपैकी वर्षाला सुमारे दोघींची ग्रंथी स्पष्टपणे मंदावते, प्रतिपिंडे आणि वाढलेला टीएसएच दोन्ही असतील तर चौघींहून किंचित जास्त. एवढ्या प्रामाणिकपणे मांडलेली अनिश्चितता मला कोणत्याही दिलाशापेक्षा अधिक आधार देऊन गेली.

गोळी न देण्याचा निर्णय आपण त्याच दिवशी घेतलात, आणि माझा थकवा मात्र बाजूला सारला नाहीत. टी-फोर व्यवस्थित असताना एवढा थकवा थायरॉइडच्या माथी मारता येणार नाही, असे म्हणून आपण हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि बी-१२ तपासायला सांगितलेत. लोहाचा साठा जवळजवळ संपलेला निघाला. त्या पहिल्या आकड्यापाशीच आपण थांबला असता, तर लोहाची ही कमतरता आणखी किती महिने लपून राहिली असती, याचा विचार मी अजूनही करते.

केस गळतात म्हणून मी घेत असलेल्या गोळ्यांत बायोटिन हे जीवनसत्त्व आहे, हे आपण विचारून काढलेत. काही तपासण्यांत त्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटा जास्त दिसू शकतो, म्हणून रक्त देण्याआधी किमान दोन दिवस त्या बंद ठेवायच्या, ही सूचना मला अन्य कोणीही दिली नव्हती. सेलेनियम या खनिजाच्या गोळ्यांबद्दल विचारल्यावर, त्याने प्रतिपिंडांचा आकडा खाली येऊ शकतो पण त्यामुळे ग्रंथी वाचते असे सिद्ध झालेले नाही, असे आपण स्पष्ट सांगितलेत. आणि जादा आयोडीन मनाने घेऊ नये, त्याने हा आजार बळावू शकतो, असेही बजावलेत.

पुढच्या वर्षी टीएसएच ५.८ आला. टीएसएच तात्पुरताही वाढतो, म्हणून आपण तीन महिन्यांनी पुन्हा तपासलात, पुन्हा थांबलात. त्यानंतर तो ११.४ आणि फेरतपासणीत १२ झाला, टी-फोर खालच्या मर्यादेला टेकला, तेव्हा आपण लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड संप्रेरकाची गोळी, सुरू केलेत. तोवर मला गोळीची भीती उरली नव्हती, कारण ती का सुरू होते आहे हे मला माहीत होते. सकाळी उपाशीपोटी, केवळ पाण्याबरोबर, आणि लोहाची गोळी चार तासांनंतर. रक्तातले हे औषध निम्मे व्हायला सुमारे आठवडा लागतो आणि पातळी स्थिरावून टीएसएचमध्ये उमटायला दीड-दोन महिने जातात, हे कळले असल्यामुळे मी पंधरा दिवसांत अधीर झाले नाही.

आता माझ्या धाकट्या बहिणीविषयी. तिचीही अँटि-टीपीओ वाढलेली आहे आणि ती पाचव्या महिन्यात आहे. सुरुवातीच्या महिन्यांत बाळ आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असते, असे आपण मला कधीतरी सांगितले होतेत, म्हणून दिवस राहिल्याचे कळताच तिने पहिल्याच भेटीत हा विषय काढला. तिच्या डॉक्टरांनी दर चार आठवड्यांनी टीएसएच तपासायला सांगितला. तो आजवर मर्यादेत आहे. बाळंतपणानंतर पहिल्या वर्षात ग्रंथीला तात्पुरता दाह होऊ शकतो, म्हणून तेव्हाच्या तपासण्यांच्या तारखाही तिने लिहून ठेवल्या आहेत. आपण माझ्याकडून करून घेतलेल्या तक्त्यासारखाच तिचा तक्ता आहे: तारीख, प्रयोगशाळा, टीएसएच, टी-फोर. प्रतिपिंडांसाठी त्यात रकाना ठेवलेला नाही.

आपली कृतज्ञ,
एक रुग्ण