आता थोडे बाहेर पडायला हवे

डोंबिवली,
10 ऑक्टोबर 2021

तीर्थरूप आई आणि बाबा यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलतो, तरी पत्र का, असे आईला वाटेल. फोनवर बाबा ‘बघू, बघू’ म्हणून विषय संपवतात आणि आई लगेच नातवाच्या जेवणाची चौकशी सुरू करते. शिवाय बाबांनी जन्मभर पाटबंधारे खात्यात कागदांवरच काम केले असल्यामुळे, लिहून आलेली गोष्ट ते दोनदा वाचतात आणि मगच बाजूला ठेवतात, हे मला माहीत आहे.

मला सांगायचे आहे ते एवढेच, की तुम्ही दोघांनी आता हळूहळू घराबाहेर पडायला सुरुवात करावी. करोनामुळे गेल्या वर्षीच्या मार्चपासून मी आणि दादा तुम्हाला ‘घरातच बसा’ असे सांगत आलो आणि तुम्ही ते आमच्या अपेक्षेपेक्षाही काटेकोरपणे पाळलेत. तेव्हा ते सांगणे योग्यच होते. लस नव्हती, साताऱ्यात खाट मिळणे कठीण झाले होते, आणि या ऑगस्टच्या सुरुवातीला राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांचे निर्बंध सैल झाले तेव्हाही ज्या 11 जिल्ह्यांत ते कायम राहिले त्यांत आपला जिल्हा होता. त्यामुळे मुंबईकडची माणसे कामावर जायला लागली तरी वाईत तुमचे दार बंदच राहिले, यात नवल नाही. परंतु बंदी उठल्याचा आदेश निघतो आणि वर्तमानपत्रात छापून येतो, तसा मनातल्या भीतीसाठी कोणी आदेश काढत नाही. ज्यांनी ‘बसा’ म्हटले त्यांनीच ‘आता उठा’ असेही सांगायला हवे, म्हणून हे लिहीत आहे.

आधी इथली हकिगत सांगते. माझा दुसरा डोस गेल्या महिन्यात झाला आणि त्यानंतरचे 14 दिवस उलटल्यावर मला लोकलचा पास मिळाला. 15 ऑगस्टपासून दोन्ही डोस झालेल्यांना लोकल खुली झाली असली तरी एकेरी तिकीट अजून देत नाहीत, महिन्याचा पासच घ्यावा लागतो. स्टेशनवर मदत कक्षात प्रमाणपत्र आणि आधार कार्ड दाखवायचे, त्यांनी त्यावर शिक्का मारून दिला की तो कागद खिडकीवर द्यायचा, अशी पद्धत आहे. आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात जावे लागते, बाकीचे दिवस घरूनच काम चालते.

पहिल्या दिवशी मी फलाटावर उभी राहून दोन गाड्या सोडल्या, कारण महिलांच्या डब्यात चढण्याचे धैर्यच होईना. इतकी वर्षे ज्या गर्दीत अंग चोरून उभी राहत आले, तीच गर्दी आता अंगावर येते आहे असे वाटले. डब्यात कोणी शिंकले की सगळ्या माना एकदम तिकडे वळत. मात्र दुसऱ्या आठवड्यापर्यंत त्यातले पुष्कळसे ओसरले. आई, मी स्वतःची खूप समजूत घातली असे तू समजू नकोस. आकडे वाचून, डॉक्टरांची भाषणे ऐकून माझी भीती फारशी कमी झाली नव्हती. ती रोज जाऊन-येऊन कमी झाली. मास्क मी कधीच काढत नाही आणि शक्यतो दाराजवळ, वाऱ्याच्या बाजूला उभी राहते. घटस्थापनेला गुरुवार होता म्हणून निम्मा डबा पिवळा झालेला पाहिला, शुक्रवारी हिरवा, आणि ज्या बायकांची मला नावेही ठाऊक नाहीत त्यांनी ‘होतीस कुठे इतके दिवस’ असे विचारले. मास्कमुळे अर्धे चेहरे ओळखू येत नव्हते, तरी विचारले. दोघी-तिघी दिसल्या नाहीत, आणि त्यांच्याविषयी विचारायचे धाडस माझ्यासकट कोणीच केले नाही.

तुमच्या नातवाची शाळा 4 तारखेला सुरू झाली. शहरांत सध्या आठवी ते बारावीचेच वर्ग भरत आहेत, तेही पालकांच्या संमतीपत्रावर आणि गटागटाने एक दिवसाआड. सातवीत असताना त्याची शाळा बंद झाली आणि आता तो एकदम नववीच्या बाकावर जाऊन बसला आहे. मधली आठवी त्याने मोबाइलच्या पडद्यावरच काढली. त्याला विषय समजतात, पण लिहिण्याची सवय साफ मोडली आहे. पान-दीड पान लिहिले की हात दुखतो म्हणतो. बाबा, तुम्ही त्याला दर रविवारी एक पत्र लिहायला लावा आणि उत्तरही पाठवा. माझ्या सांगण्यापेक्षा त्याचा अधिक उपयोग होईल. यांचे काम मात्र अजून पूर्णपणे घरूनच आहे, त्यामुळे शाळेत सोडणे-आणणे यांच्याकडे आहे.

आता तुमच्याकडे वळते. बाबांचा दुसरा डोस मे महिन्यात व्हायचा होता. पण 13 मे रोजी दोन डोसांमधले अंतर 12 ते 16 आठवडे केल्यामुळे तो जूनवर गेला, आणि आईचाही त्याच वेळी झाला. म्हणजे तुम्हा दोघांचे संरक्षण आज जेवढे आहे तेवढे या दीड वर्षात कधीच नव्हते. लस घेतल्यावर आजार होतच नाही असे मी म्हणणार नाही, परंतु तो गंभीर होण्याचा धोका पुष्कळच घटतो.

आई, तू अजूनही दुधाच्या पिशव्या साबणाने धुतेस, भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवतेस आणि वाण्याकडून आलेली सुटी नाणी वाटीत भिजत घालतेस, हे मला ठाऊक आहे. भाजी धुणे चांगलेच आहे, ते चालू ठेव. मात्र हा आजार मुख्यतः माणसाच्या श्वासातून, बंद जागेतल्या हवेतून पसरतो. वस्तूंना हात लावल्याने तो होण्याची शक्यता फार कमी आहे, असे आता डॉक्टर स्पष्टपणे सांगतात. म्हणून नाण्यांवर खर्च होणारी मेहनत मागच्या खोलीची खिडकी उघडण्यावर खर्च कर. तीच खिडकी तू पाहुणे आले की धूळ येते म्हणून लावून घेतेस.

याच न्यायाने कुठे जावे आणि कुठे जाऊ नये हेही ठरवता येईल. बाबांनी पहाटे कृष्णेच्या घाटावर फिरायला जाण्यात फारसा धोका नाही. उघडी हवा, मोकळी जागा, ओळखीची चार माणसे. अट एवढीच की पहिल्याच दिवशी ढोल्या गणपतीपर्यंत जाऊन परत यायचा हट्ट करू नये. दीड वर्ष अंगणाच्या पलीकडे चालणे नाही, गुडघ्यांना त्याची सवय राहिलेली नाही. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, चार दिवसांनी चौकापर्यंत असे वाढवत न्या, आणि काठी बरोबर ठेवा, लोक काय म्हणतील याचा विचार न करता.

देवळांचा प्रश्न जरा वेगळा आहे. गुरुवारपासून देवळे उघडली, आणि बाबा लगेच सांगतील की नियमावलीत 65 वर्षांवरच्या माणसांनी घरी थांबावे असा सल्ला दिला आहे. तो सल्ला गर्दीसाठी आहे आणि नवरात्रात तो पाळणे शहाणपणाचेही आहे. दसरा होऊन जाऊ द्या, मग एखाद्या साध्या दिवशी दुपारी जाऊन दर्शन घ्या. आईच्या भजनी मंडळाबद्दल मात्र मी थोडी कडक आहे. बंद खोलीत पंधरा-वीस बायकांनी मोठ्याने गाणे, तेही मास्क काढून, हे इतक्यात नको. सभामंडपात किंवा कोणाच्या अंगणात बसत असाल तर अवश्य जा. टाळ ऐकून तुला किती बरे वाटेल याची मला कल्पना आहे.

बाबा, नोव्हेंबर आला की तुमच्या हयातीच्या दाखल्याचा विषय निघेल. कोषागाराची यादी बँकेत आली की तिच्यात आपल्या नावासमोर सही करून यायची, एवढेच काम आहे. ते घरबसल्या होईल का, हे शोधायला तुम्ही मला सांगितले होते. अंगठ्याचा ठसा घेऊन ऑनलाइन करण्याची सोय आहे, हे खरे. पण तुमच्या बोटांच्या रेषा आधार कार्डाच्या वेळीही यंत्राला धड उमटल्या नव्हत्या, आणि खरे सांगायचे तर मला ते काम तुम्ही स्वतः जाऊन करावे असेच वाटते. 1 तारखेला जाऊ नका. त्या दिवशी वसुबारस आहे, दिवाळीच्या आधी पैसे काढणाऱ्यांची झुंबड असेल. भाऊबीज झाल्यानंतरच्या आठवड्यात, दुपारच्या जेवणाआधी जा. तुमच्याबरोबरचे निवृत्त झालेले लोक तिथे भेटतील. कोण आहे आणि कोण नाही, हेही त्याच यादीवरून कळेल. ते कळणे जड जाईल, पण न कळता राहणेही बरे नाही.

तुमचा मोतीबिंदू मार्च 2020 मध्येच काढायचा ठरला होता. तेव्हा सगळ्याच ठरवलेल्या शस्त्रक्रिया पुढे गेल्या, त्यात तोही गेला आणि नंतर कोणी त्याचे नाव काढले नाही. गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तुम्ही माझ्या कपाळाकडे पाहून बोलत होता, तेव्हाच मला कळले की डावा डोळा पुष्कळ मंदावला आहे. टिळक ग्रंथसंग्रहालयातून पुस्तके आणणे तुम्ही बंद केलेत त्याचे कारण तुम्ही करोना सांगता. मला ते डोळ्याचे कारण वाटते. डॉक्टर पुन्हा नियमित शस्त्रक्रिया करू लागले आहेत. तेव्हा हे आणखी लांबवू नये.

आई, आता जे लिहिणार आहे ते लिहावे की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. एप्रिलमध्ये मामा गेला, तेव्हा अंत्यविधीला 20 माणसांची मर्यादा होती, बाबांचा आणि तुझा एकच डोस झाला होता आणि वाईहून सातारा म्हणजे तासाभराचा रस्ता असूनही तुला जाता आले नाही. तू फोनवर मामीशी बोललीस, त्यानंतर घरात त्याविषयी फारशी बोलली नाहीस असे बाबा सांगतात. आपल्याकडे माणूस गेल्यावर घरी जाऊन नुसते बसून येतात, पाणी पितात, दोन शब्द बोलतात किंवा तेही बोलत नाहीत. हे या वर्षात कितीतरी घरांत झालेच नाही. इकडेही मला अशी तीन-चार घरे आठवतात जिथे मी जायला हवे होते आणि अजून गेलेली नाही. सहा महिन्यांनी आता काय जायचे, असा संकोच सर्वांना वाटतो. मला विचारशील तर, निर्बंध उठल्यावर माणसाने सर्वांत आधी करण्याचे काम हेच आहे. हॉटेल, सिनेमा, साड्यांची खरेदी हे सगळे त्यानंतर.

यंदा मामीच्या घरी दिवाळीचा फराळ होणार नाही. तो आपल्याकडून जायला हवा, आणि तो कुणाच्या हाती पाठवू नये, तू स्वतः घेऊन जावेस, असे मला मनापासून वाटते. यंदाची भाऊबीज तुला अवघड जाणार, हे न सांगताही कळते. त्या दिवशी न जाता त्याच्या आधी जाऊन आलीस तर तुलाही सोपे होईल आणि मामीलाही. माझी शुक्रवार, 29 तारखेची रजा मंजूर झाली आहे. गुरुवारी रात्रीच्या एसटीने मी आणि तुमचा नातू निघू, शुक्रवारी तिघी-चौघे मिळून चकल्या आणि शंकरपाळे करू, शनिवारी गाडी सांगून साताऱ्याला जाऊ. गाडी असल्यामुळे बसण्याउठण्याचा त्रास होणार नाही, तेव्हा बाबांनीही यावे. गाडीच्या काचा उघड्या ठेवायच्या, मामीच्या ओसरीवरच बसायचे. तिचेही दोन्ही डोस झाले आहेत, मी विचारून घेतले आहे.

तोपर्यंत बाबांनी गल्लीच्या टोकापर्यंतचे फिरणे सुरू केले असेल, असे मी गृहीत धरते. त्यांच्या बाजूने काही हरकत असेल तर त्यांनी ती पत्रातच लिहून कळवावी, म्हणजे मला मुद्देसूद उत्तर देता येईल. नेत्रतज्ज्ञांची वेळ मी सोमवार, 1 नोव्हेंबरची मागितली आहे, त्या दिवशी मी वाईतच असेन. जुने चष्म्याचे कागद आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी शोधून एका पिशवीत घालून ठेवावी. आई, भाजणी तू दळून आणवून ठेव. खोबरे आणि खसखस मी इकडून आणते, तिकडे महाग पडते असे तू म्हणत होतीस. मामीला बेसनाचे लाडू आवडतात की रव्याचे, हे मला आठवत नाही, तेवढे कळव.

तुमची,
लेक