डोळ्यांपुढच्या मुंग्या : चि. समीरला पत्र

सेलू, जि. परभणी

चि. समीर यास,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस, "सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, म्हणजे मला हे ठिपके दिसतच नाहीत असं धरून चालायचं का?" तुझे वडील नुकतेच मोंढ्यातून आले होते, घरात माणसे होती, त्यामुळे नीट बोलता आले नाही. शिवाय जे सांगायचे आहे ते घाईघाईत सांगण्यासारखेही नाही, म्हणून लिहिते आहे.

तुला जे दिसते ते खरोखर दिसते, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. दिवाळीत माळवदावर बसून तू वहीचा करडा पुठ्ठा समोर धरलास आणि जे दिसत होते ते पेन्सिलीने कागदावर काढून दाखवलेस. ठिपके अगदी बारीक, सगळीकडे सारखे पसरलेले. आणि तू म्हणालास की कागदावर ते स्थिर वाटतात, प्रत्यक्षात मात्र सतत वळवळतात, डिशचा सिग्नल गेल्यावर टीव्हीवर मुंग्या याव्यात तसे. आधी एका डोळ्यावर आणि मग दुसऱ्या डोळ्यावर तळहात ठेवून पाहिलेस, तरी फरक पडला नाही. डोळे मिटले तरी ते गेले नाहीत. बल्बकडे पाहून नजर हटवली की त्याचा ठसा भिंतीवर किती तरी वेळ राहतो, हेही तू तेव्हाच सांगितलेस. उगीच बोलणाऱ्याचे वर्णन दर वेळी बदलते. तुझे तसूभरही बदललेले नाही.

आता रिपोर्टविषयी. नंबर तपासला, डोळ्याचा दाब मोजला, थेंब घालून डोळ्याच्या आतला पडदा पाहिला, त्या पडद्याच्या थरांचा स्कॅन म्हणजे ओसीटी झाली, नजर आजूबाजूला कुठवर पोचते ते पाहणारी फील्ड टेस्ट झाली. या बहुतेक तपासण्या डोळ्याच्या आणि त्यामागच्या शिरेच्या आहेत. त्या निर्दोष आल्यामुळे पडदा सुटणे, काचबिंदू, शिरेची सूज अशी मोठी कारणे बरीचशी बाजूला झाली, आणि मला त्याचा फार दिलासा वाटतो. परंतु पाहणे डोळ्यात संपत नाही. डोळ्याने टिपलेले चित्र शिरेवाटे मेंदूच्या मागच्या भागात जाते आणि तिथे त्याचा अर्थ लागतो. दोन्ही डोळ्यांनी अगदी सारखेच दिसत असेल, तर शोध डोळ्यापाशी थांबवण्याऐवजी तिथवर नेला पाहिजे. "अभ्यासाचा ताण आहे, मोबाईल कमी कर" एवढेच सांगून तुला परत पाठवले, ते मला पटलेले नाही. ताणाने त्रास वाढतो हे मान्य. पण बाकीचे न तपासता ताणालाच कारण ठरवणे म्हणजे तपास अर्धवट सोडणे होय.

तुझ्या आजीला अर्धशिशी होती, हे तुला ठाऊक आहे. डोके दुखू लागण्याआधी तिच्या नजरेपुढे नागमोडी, चकाकणारी कड उमटे आणि हळूहळू बाजूला सरकत जाई. कार्ल लॅश्ली नावाच्या मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या नजरेतील अशाच डागाची वाटचाल कागदावर टिपून 1941 साली हिशेब मांडला की मेंदूच्या पृष्ठभागावर हा प्रकार मिनिटाला साधारण 3 मिलिमीटर वेगाने पसरत असावा. म्हणजे यंत्राने न दिसणारी गोष्ट नुसत्या काटेकोर नोंदीने हाती लागली. अर्धशिशीचे असे दृश्य बहुधा 5 ते 60 मिनिटांत मावळते. तुझ्या मुंग्या मावळतच नाहीत, म्हणून हे निराळे असावे. व्हिज्युअल स्नो सिंड्रोम नावाचा एक विकार आहे. त्याचे निकष 2014 साली मांडले गेले आणि 2018 साली डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या परिशिष्टात त्याचा समावेश झाला. सगळ्या नजरेवर पसरलेले हलते बारीक ठिपके तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणे ही पहिली अट. जोडीला वस्तूचा ठसा मागे राहणे, उजेड न सोसणे, रात्री कमी दिसणे, डोळ्याच्या आतलेच कण वा चमक अधिक ठळक दिसणे, यांपैकी किमान दोन लक्षणे हवीत, आणि दुसरे कोणतेही कारण सापडता कामा नये. अर्धशिशी असणाऱ्यांत तो बराच आढळतो. काही रुग्णांच्या मेंदूचे स्कॅन केले, तेव्हा दृश्य हाताळणारा मागचा एक भाग वाजवीपेक्षा अधिक काम करताना दिसला.

तुला हेच झाले आहे असे मी ठरवत नाही. तो अधिकार डॉक्टरांचा. पण एक गोष्ट मला खटकली. सगळे शांत झाले की कानात बारीक शिट्टी वाजते, असे तू दिवाळीत सहज बोलून गेलास. डोळ्यांच्या डॉक्टरांसमोर कानाचे कशाला बोलायचे, असे तुला वाटले असेल. या विकारात कानातला असा आवाज पुष्कळांना असतो, तेव्हा तो सांगायलाच हवा. उलट निळ्या आकाशात सुळकन पळणारे चमकते कण तू दाखवलेस, ते मलाही दिसले. ते पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्यांतून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींमुळे दिसतात आणि नीट पाहिले तर निरोगी माणसालाही दिसतात. तुला ते आता अधिक ठळक दिसतात का, एवढाच प्रश्न आहे.

म्हणून एक वही कर. केव्हा सुरू झाले, कोणत्या उजेडात वाढते, डोके दुखते का, झोप किती झाली, कोणत्या गोळ्या घेतल्या, मुरुमांसाठी घेतलेल्यासुद्धा, सगळे लिहीत जा. डॉक्टर नशेच्या पदार्थांविषयी विचारतील. तो आरोप नसतो. काही पदार्थांमुळे असे दिसणे मागे राहू शकते, म्हणून विचारावे लागते. त्या वेळी मी खोलीबाहेर थांबेन, तू जे असेल ते मोकळेपणाने सांग.

मावशीने नजर लागली म्हणून मीठ-मोहरी ओवाळली, ती मायेपोटी. तिच्यावर रागावू नकोस. पण देवऋषाकडे आपण जाणार नाही.

अचानक काळ्या ठिपक्यांचा सडा पडला, विजेसारखे चमकले, एका बाजूने पडदा ओढल्यासारखे झाले, एका डोळ्याने दिसेनासे झाले, डोळा फिरवताना दुखू लागले, एकाचे दोन दिसू लागले किंवा वाकल्यावर क्षणभर अंधारी येऊन डोके ठणकू लागले, तर परीक्षा असली तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. यांची कारणे वेगळी असतात आणि त्यांत उशीर महागात पडतो.

उपचाराची खोटी आशा मी तुला देणार नाही. तुझा त्रास व्हिज्युअल स्नोच निघाला, तर त्यावर सर्वांना हमखास लागू पडणारे औषध अजून नाही. काहींना थोडा गुण येतो, काहींना रंगीत काचेच्या चष्म्याने उजेड सुसह्य होतो. मात्र त्या विकाराने दृष्टी जात नाही, असे तज्ज्ञ सांगतात. वर्गातल्या पांढऱ्या बोर्डाकडे पाहताना त्रास होत असेल तर सरांना स्पष्ट सांगून जागा बदलून घे, लॅपटॉपचा पडदा मंद कर, आणि रात्री गाडी चालवू नकोस.

संभाजीनगरच्या न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांकडे, पुढच्या शनिवारी दुपारचा नंबर लावला आहे. गरज वाटली तर ते मेंदूचा एमआरआय स्कॅन सांगतील. जुनी फाइल, ओसीटीची मूळ प्रत आणि ती पेन्सिलीची चित्रे बरोबर घे. नांदेडहून सकाळच्या गाडीत तू बस. मी सेलूला त्याच गाडीत चढेन. डबा कोणता ते आदल्या रात्री कळव.

तुझी,
आई