आई-बाबा, मी पुन्हा का शिकते आहे

लीड्स, 9 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आई-बाबांना,

शिरसाष्टांग नमस्कार.

फराळाचं पार्सल पोचलं. चकल्या थोड्या मोडल्या होत्या, पण चव आईच्या हातचीच. शंकरपाळे वॉर्डात नेले, नाइट ड्युटीवाल्यांनी डबा रिकामा करून दिला.

बाबा, मागच्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "नर्सिंग झालं, एवढी वर्षं नोकरी झाली, आता हे प्रोजेक्ट मॅनेजमेंट कशाला? ते पूल-रस्ते बांधणाऱ्यांचं काम. तू पेशंट सोडून टेबलावर बसणार का?" आई मागून म्हणाली, "तिला आधी झोपू दे." मग आईचा गुडघा, दादाची बदली असं काही ना काही निघत गेलं आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. फोनवर ते नीट सांगताही आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

पेशंट सोडत नाहीये, हे आधी सांगते. कोर्स अर्धवेळ आहे, ड्युटी आहे तशीच चालू आहे. हा अभ्यासक्रम दवाखान्यात आणि म्हाताऱ्या, अपंग माणसांच्या सेवेत काम करणाऱ्यांसाठीच आखलेला आहे. वर्गात आम्ही नर्स आहोत, फिजिओ आहेत, एक फार्मासिस्ट, दोन सोशल वर्कर, आणि वृद्धांचं केअर होम चालवणारी एक बाई. इंजिनिअर एकही नाही.

का शिकते हे सांगायचं तर आमच्या वॉर्डातल्या एका आजींबद्दल सांगावं लागेल. वय ऐंशीच्या पुढे. न्यूमोनिया होऊन आल्या आणि चांगल्या बऱ्या झाल्या. शुक्रवारी सकाळच्या राउंडला डॉक्टर म्हणाले, घरी जाऊ शकता. नऊ वाजल्यापासून आजी कोट घालून, पर्स मांडीवर ठेवून पलंगाशेजारच्या खुर्चीत बसल्या. घरी न्यायच्या औषधांची चिठ्ठी राउंड संपल्यावर लिहिली गेली, फार्मसीतून पिशवी वर आली तेव्हा चार वाजले होते. तोवर त्यांना न्यायला येणारी गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली. संध्याकाळी घरी जाऊन त्यांना जेवू घालणारी, झोपायच्या आधी कपडे बदलून देणारी केअरर येणार होती, तिला एजन्सीने दुसऱ्या घरी पाठवलं. शनिवार-रविवार नवीन माणसाची केअर सुरू करायला एजन्सी तयार नव्हती. आजींचा कोट उतरवून मीच त्यांना पुन्हा दवाखान्याचा गाऊन घातला. "उद्या का?" एवढंच त्यांनी विचारलं. सोमवार उजाडला तेव्हा काठी घेऊन एकट्या चालणाऱ्या आजींना खुर्चीतून उठवायला आम्ही दोघी लागत होतो. म्हातारपणी माणूस अंथरुणात पडून राहिलं की पायांतलं बळ किती झपाट्याने जातं, हे आई, तुला मी काय सांगणार! मग आधीची सगळी व्यवस्था निकामी झाली आणि घरी किती मदत लागेल याची पाहणी पहिल्यापासून करावी लागली.

त्या दिवशी कामचुकारपणा कोणीच केला नव्हता. डॉक्टर, फार्मसी, गाडीवाले, एजन्सी, आम्ही, सगळे दिवसभर पळत होतो. पण सकाळी नऊपासून आजी घरी पोचेपर्यंतचं काम सलग बघणारं माणूस कोणी नव्हतं. ज्याने त्याने आपापला तुकडा केला. अलीकडच्या हिवाळ्यांत इंग्लंडच्या दवाखान्यांमध्ये रोज 12 हजारांहून जास्त माणसं अशी असतात, ज्यांना दवाखान्यात राहायची गरज उरलेली नसते, तरी ती घरी जाऊ शकत नाहीत. आणि खाली तातडीच्या विभागात पलंग मिळेपर्यंत लोक स्ट्रेचरवर तासन् तास पडून असतात.

हे असं का, याचं मूळ फार जुनं आहे. 5 जुलै 1948 ला इथे एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली आणि उपचार सगळ्यांना मोफत झाले. त्याच दिवशी दुसरा एक कायदा लागू झाला आणि म्हाताऱ्या, अपंग माणसांची सोय बघायचं काम स्थानिक कौन्सिलकडे, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या संस्थेकडे, गेलं. ते मोफत नव्हतं, ऐपत बघून पैसे घ्यायचे. ती फट आजतागायत बुजलेली नाही. न्यूमोनियाचा उपचार फुकट. पण अंघोळ घालायला, जेवू घालायला घरी कोणी यायला हवं असेल तर कौन्सिल आधी गाठीशी किती आहे ते विचारते, आणि इंग्लंडमध्ये साठवलेली पुंजी 23,250 पौंडांच्या वर असेल तर खर्च ज्याचा त्याने करायचा. दोन खाती, दोन तिजोऱ्या, कॉम्प्युटरही वेगवेगळे. आजी मात्र एकच. 2022 च्या कायद्याने दोन्हीकडच्यांना एकत्र बसवणारी मंडळं नेमली आहेत, पण वॉर्डात शुक्रवारी दुपारी चार वाजता कायदा येऊन उभा राहत नाही. तिथे कोणीतरी ते काम शिकलेलं असावं लागतं. मला ते शिकायचं आहे.

वर्गात सगळ्यांत जास्त मी शिकले ती एका सोशल वर्करकडून. ती म्हणाली, "तुमचा फॉर्म माझ्याकडे येतो शुक्रवारी दुपारी. त्यावर लिहिलेलं असतं, दिवसातून चार वेळा मदत लागेल. घरात जिना आहे का, संडास वर आहे की खाली, किल्ली कोणाकडे, मुलगी जवळ राहते की दुसऱ्या गावी, यातलं एक अक्षर नसतं. मग मी शून्यापासून फोन करत बसते." आम्ही नर्सेस इतकी वर्षं म्हणत होतो की कौन्सिलवाले वेळ लावतात. ती तिकडे म्हणत होती, दवाखानेवाले अर्धवट कागद पाठवतात. एकाच शहरात काम करतो, पण हे एकमेकींना कधी तोंडावर विचारलं नव्हतं.

शिकवतात काय, तर तक्ते, आराखडे आहेतच. कुठलं काम कशावर अडलेलं आहे ते आधी काढायचं. प्रत्येक कामापुढे चार गोष्टी लिहायच्या: करणार कोण, जबाब कोणी द्यायचा, कोणाला विचारायचं, कोणाला नुसतं कळवायचं. बाबा, डेपोत तुम्ही ड्युट्या लावायचात, त्यामुळे हे तुम्हाला लगेच कळेल: मुक्कामी गाडी वेळेत पोचली नाही तर सकाळची पहिली फेरी कशी जाणार? आमच्याकडे औषधांची पिशवी म्हणजे ती मुक्कामी गाडी. ती आदल्या संध्याकाळी तयार असली तर पुढचं सगळं चालतं.

पण मला त्याहून आवडले ते तीन साधे प्रश्न. आपल्याला नेमकं काय साधायचं आहे? केलेला बदल खरंच सुधारणा आहे हे कशावरून कळणार? आणि कुठला बदल करून बघायचा? मग सगळ्या दवाखान्यात फतवा काढायचा नाही. एका पेशंटवर, एका दिवशी करून बघायचं, काय झालं ते लिहायचं, चुकलं असेल तर बदलायचं, मग पुन्हा करायचं. माझ्या प्रोजेक्टसाठी मी आमच्या वॉर्डातले सहा पलंग घेतले. पेशंट आला की पहिल्याच दिवशी विचारायचं, घरी कोण असतं, पायऱ्या किती, किल्ली कोणाकडे. आणि घरी जायच्या आदल्या दिवशी औषधं लिहून घ्यायची. पहिल्या आठवड्यात ज्युनिअर डॉक्टर वैतागले, कारण राउंडच्या आधीच आणखी एक काम. मग फार्मासिस्टलाच राउंडला बरोबर घेतलं, तेव्हा जमलं. भिंतीवर मी कागद लावलाय, पिशवी किती वाजता आली त्याचा रोज एक ठिपका. ठिपके हळूहळू खाली सरकताहेत. अजून एखादा दिवस वर उसळतो, त्या दिवशी काय झालं ते विचारून लिहून ठेवते.

आई, हे करताना मला तुझे पोलिओ रविवार आठवतात. मी सातवी-आठवीत असेन. बूथ झाला की दुसऱ्या दिवसापासून तू आणि अंगणवाडीच्या ताई घरोघर निघायचात. लसीचा कॅरिअर सावलीत ठेवायचा, बर्फाचे पॅक मोजून भरायचे, पोराच्या डाव्या करंगळीला शाईची खूण, दारावर खडूने पी, म्हणजे सगळ्या पोरांना डोस मिळाला, नाहीतर एक्स, म्हणजे कोणी राहिलं. एक्सच्या घरी पुन्हा जायचं, हे ठरलेलं. आणि ऊसतोडीच्या टोळ्या! बीडकडून आलेली ती पोरं गावच्या यादीत नसायची, आज या फडावर तर उद्या त्या. तू मुकादमाला आधीच गाठून ठेवायचीस, टोळी कुठे आहे ते विचारायचीस आणि पहाटे, माणसं फडावर जायच्या आत, कोप्यांवर पोचायचीस. त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात मायक्रोप्लॅन म्हणायचे आणि वर्षानुवर्षं देशभर लाखो बायांनी तो असा पायी चालून पुरा केला. जानेवारी 2011 नंतर भारतात नैसर्गिक (वाइल्ड) पोलिओ विषाणूचा रुग्ण सापडला नाही आणि मार्च 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. आमच्या सरांनी उत्तम नियोजनाची उदाहरणं विचारली तेव्हा मी हेच सांगितलं, कोप्यांसकट. यादीत नसलेल्या माणसाला आधी शोधायचं, हे माझ्या वर्गातल्या सगळ्यांनी लिहून घेतलं. त्यांना मी सांगितलं, हे माझी आई करत होती.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण बाबा, तुम्ही म्हणाल की कागद भरून कोणी बरं होतं का. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये ऑपरेशनच्या वेळी वाचायची 19 मुद्द्यांची एक यादी काढली: पेशंट तोच आहे ना, बाजू तीच ना, अँटिबायोटिक दिलं का, कापसाचे बोळे मोजले का. खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, हेही त्यात आहे. दिल्ली धरून जगातल्या आठ शहरांत ती वापरून बघितली, तर ऑपरेशननंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून 0.8 टक्क्यावर आले. मग कॅनडात ऑन्टारिओ प्रांताने तीच यादी शंभरावर दवाखान्यांना लागू केली. 2014 मध्ये त्याचा अभ्यास छापून आला: म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. कागद तोच होता! त्यावर अजून वाद चालतो, पण मला पटलेलं कारण असं की वरून आलेल्या यादीवर टिकमार्क करणं वेगळं, आणि खोलीतल्या माणसांनी ती आपली मानून, थांबून, एकमेकांकडे बघून वाचणं वेगळं. म्हणून या कोर्समध्ये अर्धा वेळ माणसांवर जातो. कोण नाराज होईल, कोणाला आधी भेटायचं, रात्रपाळीवाल्यांना कोण सांगणार. मला वाटतं हाच भाग खरा.

हे सगळं लिहिताना आपली आजीही मनात आहेच. खुब्याचं हाड मोडलं तेव्हा ऑपरेशन उत्तम झालं. पण घरी सोडताना हातात कागद दिला, त्यावर गोळ्या आणि "15 दिवसांनी दाखवणे". संडास भारतीय पद्धतीचा, ती खाली बसणार कशी, हे कोणी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. बाबा, तुम्ही रात्री अंगणात बसून प्लॅस्टिकच्या खुर्चीला तापलेल्या सुरीने भोक पाडलंत, कडा कानशीने घासल्यात, वरून जुन्या धोतराची पट्टी शिवलीत, तिला टोचू नये म्हणून. मी तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते. ती खुर्ची करायची वेळ मुलावर येऊ नये, दवाखान्यातून निघायच्या आधीच कोणीतरी ते विचारलेलं असावं, यासाठी मी हे शिकते आहे. भारतातल्या दवाखान्यांनाही हे लागणार आहे, कारण आपल्याकडेही आता घरोघर दोनच म्हातारी माणसं आणि मुलं लांब.

आता माझं एक काम तुम्ही करायचं. लंडनच्या दक्षिणेला सटन म्हणून भाग आहे, तिथे 2015 मध्ये त्यांनी लाल पिशवीची पद्धत सुरू केली. केअर होममधल्या माणसाला दवाखान्यात न्यायची वेळ आली की पिशवी बरोबर जाते: आजाराचे कागद, चालू औषधं, चष्मा, कानाचं यंत्र, कवळी, घरी येतानाचे कपडे. पिशवी माणसाबरोबरच राहते आणि त्याच्याबरोबरच परत येते. तेवढ्याने खूप फरक पडतो. कवळी घरी राहिली म्हणून माणूस जेवत नाही, आणि चार्टवर लिहिलं जातं "जेवण नाकारतात", हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तशी एकेक पिशवी तुम्हा दोघांची करा. बाबांच्या शुगरच्या आणि आईच्या बीपीच्या गोळ्यांची नावं, कितीची गोळी, कधी घ्यायची, मोठ्या अक्षरात मराठीत आणि इंग्रजीत. शेवटचे रिपोर्ट, ईसीजी. आईला सल्फाची ॲलर्जी आहे हे सगळ्यांत वर, लाल पेनने. आधारची झेरॉक्स. बाबा, तुम्हाला 70 पूर्ण झाली, तेव्हा आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या. 2024 च्या ऑक्टोबरपासून ते उत्पन्न न बघता मिळतं, अंगीकृत दवाखान्यात वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार होतात. दादाचा नंबर पहिला, मग शेजारच्या काकूंचा, मग माझा, कारण मला यायला दोन दिवस लागणार. घराची दुसरी किल्ली काकूंकडे द्या आणि तसं कागदावर लिहा. बाथरूममधली दांडी प्लंबरकडून नुसत्या टाइलवर ठोकून घेऊ नका, गवंड्याला बोलवा, भिंतीत खोल बसवून घ्या. दादा डिसेंबरात येईल तेव्हा तिला लोंबकळून बघू दे त्याला.

याद्या झाल्या की फोटो पाठवा. दोघांच्या वेगवेगळ्या.

तुमची लेक