रानपिंगळ्यासाठी ढोलीची झाडे राखावीत

महोदय,

वन्यजीव सप्ताह आला की सोलापुरात नान्नजच्या माळढोक पक्ष्याची आठवण निघते आणि ती निघायलाच हवी. मात्र सातपुड्याच्या पानझडी जंगलात राहणाऱ्या रानपिंगळ्याविषयी येथे क्वचितच बोलले जाते.

ब्रिटिश पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी १८७३ मध्ये वर्णन केलेला हा लहानसा घुबडवर्गीय पक्षी १८८४ नंतर कोणालाही खात्रीने दिसला नव्हता. माइनर्टझहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत तो मिळवल्याची नोंद केली होती. प्रत्यक्षात तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला जुनाच नमुना होता, नव्याने भरून खोटी चिठ्ठी लावलेला. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडकीस आणली, अस्सल नमुने जेथून आले होते त्या भागांकडे शोध वळवला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, तब्बल ११३ वर्षांनी, रानपिंगळा पुन्हा सापडला. पुढे तो मेळघाटात आणि थेट मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही आढळला.

आपल्या गावातला साधा पिंगळा पडक्या भिंतीतही संसार थाटतो. रानपिंगळ्याला स्वतः ढोली कोरता येत नाही आणि तो जुन्या झाडांतील तयार ढोलीतच अंडी घालतो, त्यामुळे शेतीसाठी जंगल साफ झाले, सरपणासाठी वठलेले झाड गेले किंवा वणव्यात जुने खोड जळाले, की नवी रोपे कितीही लावली तरी त्याची जागा अनेक वर्षे भरून निघत नाही. याचा दोष एकट्या आदिवासी शेतकऱ्यावर ढकलणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही.

सोलापूरकर म्हणून हे लिहिण्यास आणखी एक कारण आहे. १९७९ मध्ये माळढोकासाठी सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले, ज्यात गावे आणि खासगी शेतेही आली. निर्बंधांमुळे लोक दुरावले, पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करावे लागले, आणि दरम्यान माळ नांगराखाली जात राहिले. नकाशावरची सीमा मोठी होती, पक्ष्याला लागणारे गवत मात्र राखले गेले नाही.

रानपिंगळा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पण त्याच्या वस्तीचा बराच भाग अभयारण्यांच्या बाहेर आहे. म्हणून वनविभागाने तेथील कार्य आयोजनांत, म्हणजे जंगलातील तोड आणि लागवडीच्या आराखड्यांत, ढोली असलेली झाडे, वठलेली असली तरी, नोंदवून तोडीतून वगळावीत, उन्हाळ्यापूर्वी वणवा अडवणाऱ्या जाळरेषा काढाव्यात आणि घरट्यांच्या देखरेखीचे काम स्थानिक तरुणांना योग्य मानधन देऊन सोपवावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, सोलापूर