काकाजी, सोनचाफा तुमच्याकडे होता

आदरणीय काकाजी,

सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. परवा तुमच्या नर्सरीत येऊन मी "काकाजी, एक सांगायचं होतं" एवढंच म्हटलं, तर तुम्ही शेणखताच्या ट्रॉलीचा नवा भाव सांगायला लागलात. मग काकूंनी चहा आणला, कुणीतरी मोगरा विचारत आलं आणि माझं राहूनच गेलं. तुमचं नाव इथे घालत नाही. ते तुम्हाला खपणार नाही, आणि नागपूरच्या काटोल रोडवरचे जे ओळखायचे ते ओळखतीलच.

मी आधी काय करत होते हे तुम्ही मला कधी विचारलं नाही. बाकी सगळ्यांनी विचारलं, आणि सांगितल्यावर "मग सोडली कशाला?" हेही विचारलं. मी एका खासगी बँकेत होते. पगार चांगला, हुद्दा सांगताना नातेवाइकांची मान ताठ होईल असा. शाखेचं शटर पडलं की आमचा खरा दिवस सुरू व्हायचा. सगळ्या शाखांचा एकत्र कॉल. "नागपूर, तुमचा नंबर कुठे आहे?" असं पलीकडून एक आवाज विचारायचा. नंबर म्हणजे आज किती जणांच्या गळ्यात विमा मारला तो आकडा. एक निवृत्त शिक्षक साधी मुदत ठेव करायला आले होते. त्यांना दरवर्षी हप्ता भरावा लागेल अशी पॉलिसी द्या, असा वरून निरोप. मी ठेवच करून दिली. त्या संध्याकाळी कॉलवर माझं नाव घेऊन जे बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. रात्री अडीच-तीनला जाग यायची ती छातीत धडधडतच. चाळिशी यायच्या आधी बीपीची गोळी मागे लागली. २०२३च्या महिला दिनाला बँकेनं आम्हा सगळ्या बायकांना एकेक कुंडी भेट दिली, सोबत 'स्वतःची काळजी घ्या' अशी चिठ्ठी. झाड प्लास्टिकचं होतं.

राजीनामा दिला त्याच वर्षी, पोळ्याच्या आठवड्यात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत मारबत बघायला गेले. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: काळी आणि पिवळी अशा दोन मोठ्या मारबतींची, म्हणजे पुतळ्यांची, मिरवणूक निघते, त्यांच्या मागे बडगे, तेही पुतळेच, आणि वर्षभराची सगळी पीडा त्यांच्याबरोबर गावाबाहेर धाडायची. "ईडा, पीडा घेऊन जा गे मारबत!" असा गजर चाललेला. गर्दीत मीही ओरडून घेतलं, "टारगेट घेऊन जा गे मारबत!" शेजारचा एक पोरगा म्हणाला, "ताई, माह्या बॉसले बी पाठवा न संगं."

मग मी रोपांची नर्सरी काढायचं ठरवलं. नर्सरीच का, तर मला दुसरं काही आवडतच नाही म्हणून. लहानपणी रविवारी वडील महाराजबागेत न्यायचे. वाघ बघून झाला की बाकीची मुलं झोपाळ्याकडे पळायची, मी फुलांच्या वाफ्यांशी रेंगाळायची. एवढंच कारण.

त्यानंतरचे काही महिने कसे गेले ते थोडक्यात उरकते. मुद्रा योजनेत छोट्या कर्जाला तारण मागायचं नसतं. मी स्वतः बँकेतली, मला ते पाठ. तरी एका शाखेतल्या साहेबांनी तारण मागितलं, वर "मिस्टर काय करतात?" हेही विचारलं. झाडं मरतात, त्यामुळे हा धंदा जोखमीचा, असंही ऐकवलं. एका हितचिंतकांनी "एमबीए करून कुंड्या विकणार?" असं भर लग्नात, पंगतीत विचारलं. आणि एका मोठ्या नर्सरीवाल्यानं नवीन बाई बघून मला संत्र्याच्या कलमा दिल्या, त्यांची गोष्ट तर तुम्हाला माहीतच आहे.

तुमची-माझी ओळखच मुळी त्या कलमांमुळे झाली. नागपुरात झाडं विकायची म्हणजे संत्रं ठेवावंच लागतं. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आता तर पुण्या-मुंबईहून सुट्टीवर आलेला माणूसही गॅलरीत लावायला कलम मागतो. मी माझ्या कलमांपैकी दोन पिशव्या स्कूटीवर पायाशी ठेवून तुमच्याकडे आले, पानं पिवळी का पडतात हे विचारायला. तुम्ही पानांकडे बघितलंच नाही. खाली उकिडवे बसलात, बोटानं माती बाजूला केलीत आणि डोळा कुठे भरलाय, म्हणजे कलमाचा जोड कुठे आहे, ते शोधायला लागलात. जोड मातीत पुरलेला होता. त्याच्या खालून, ज्यावर संत्र्याचं कलम बांधतात त्या जंबेरी लिंबाच्या खुंटाची काटेरी फूट जोमानं वर आलेली आणि वरची संत्र्याची काडी कधीच वाळून गेलेली. "ताई, हे तं जंबेरी हाय. पाच वर्सं पानी घालान, अन् खट्टं फळ भेटन." मग पिशवीतल्या दुसऱ्या, जरा बऱ्या कलमेवरची खालची फूट तुम्ही अंगठ्यानं खुडून टाकलीत आणि मला दाखवलंत की जोड मातीपासून चांगला वीतभर वर हवा. नाही तर पावसाळ्यात ओल धरून डिंक्या लागतो आणि खोडातून डिंक वाहायला लागतो. शेंदुरजनाघाटला चांगल्या कलमा कुणाकडे मिळतात तेही सांगितलंत. ज्यानं मला ही रोपं विकली होती त्याच्याबद्दल मात्र अक्षर बोलला नाहीत. मी खूप वाट पाहिली.

मग २०२४चा उन्हाळा. त्या मे महिन्यात शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवलं आणि नंतर यंत्रच बिघडलं होतं असा खुलासा आला. माझ्या जास्वंदींपर्यंत तो खुलासा पोचला नाही. कडियमहून, म्हणजे आंध्रात राजमहेंद्रीजवळून, ट्रकनं आलेला माल होता. गोदाकाठच्या दमट हवेत वाढलेली, हिरवीगार, दिसायला राजबिंडी झाडं. ती नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हात, आठ दिवसांत काडी झाली. मी रोज भर दुपारीही पाणी घालत होते आणि रोज नवीन रांग वाळत होती.

तुम्ही भर उन्हात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, तुमच्या त्या जुन्या लुनावर आलात. मागे हिरव्या जाळीचं भेंडोळं. मी काही बोलायच्या आत म्हणालात, "काहून रडून राह्यले ताई? माह्ये बी मेले न." आणि मग माझ्या हातातला पाइप घेतलात. पाणी झाडावर नाही सोडलं. आधी रस्त्याकडे तोंड करून वाहू दिलंत आणि उलटा तळहात त्या धारेखाली धरून उभे राहिलात. काळा पाइप सकाळपासून उन्हात पडलेला, त्यातलं पहिलं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं. ते मी इतके दिवस मुळांवर ओतत होते आणि कुणी सांगितलं नव्हतं. धार गार झाल्यावर तुम्ही पाइप माझ्या हातात परत दिलात. नंतर आपण ७५ टक्के सावलीची ती जाळी बांबूंना बांधली, तुम्ही गाठी मारल्यात आणि मी टोकं धरली. "पानी सकाळी सूर्य निघायच्या आधी, नाही तं दिवस बुडाल्यावर. ट्रकचा माल आला का आधी जाळीखाली बसवा, मंग हळूहळू उन्हाची सवय लावा." ती जाळी तुम्ही फुकट दिली नाहीत. वहीत लिहिलीत, पूर्ण भावानं, तारीख न घालता. मला त्याचंच बरं वाटलं. दया दाखवली असती तर मी दुसऱ्यांदा तुमच्या दारात आले नसते.

पण हे पत्र जाळीसाठी नाही, कलमांसाठीही नाही.

मृगाचे दोन पाऊस पडून गेले होते. आपल्या धंद्यात वर्षाची कमाई याच दिवसांत होते, हे मला तेव्हा नुसतं ऐकून माहीत होतं. एक गृहस्थ मोठ्या गाडीतून उतरले. नवीन बंगला, पूर्ण कंपाउंडला सोनचाफा लावायचा होता, तोही कलमी, कारण बियाच्या झाडाला फूल यायची वाट बघण्यात वर्षं जातात. मी विचारलं, "आमच्याकडे कसं काय येणं केलं?" तर म्हणाले, "त्या समोरच्या मोठ्या नर्सरीत गेलो होतो. ते काकाजी म्हणाले, सोनचाफा नाही आपल्यापाशी, वळणावरच्या ताईकडे जा, चांगला माल आहे तिच्यापाशी." माझ्याकडचा सगळा सोनचाफा त्यांनी उचलला. वर मोगरा, मधुमालती, कुंड्या, काळ्या मातीत मिसळायला रेती आणि खताची पोती. त्या महिन्याचं जागेचं भाडं माझ्या खात्यातून पहिल्यांदाच, मुदत ठेव न मोडता, निघालं.

संध्याकाळी उधारीतली काही रक्कम द्यायला मी तुमच्याकडे आले. तुम्ही पुढे नव्हतात म्हणून मागे गेले. मागच्या जाळीखाली सोनचाफ्याच्या दोन लांब रांगा. माझ्यापेक्षा उंच, जाड खोडाच्या, काहींना तर कळ्या आलेल्या. हातात नोटा धरून मी तिथे उभी, आणि तुम्ही आलात. मी कुठे बघतेय ते तुम्हाला दिसलं. "ते ऑर्डरचे हायत," म्हणालात, आणि पाइप उचलून शेवंतीच्या पलीकडच्या वाफ्याला पाणी द्यायला लागलात. तो वाफा आधीच ओला होता.

काकाजी, ती ऑर्डर कधी कुणी न्यायला आलं नाही. ती झाडं तुम्ही पुढचे महिने सुटी सुटी विकलीत, येता-जाता मी बघत होते.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या वाट्याचं गिऱ्हाईक शेजारच्या टेबलावरून पळवलं गेलेलं मी पुष्कळदा पाहिलंय. त्याला तिकडे हुशारी म्हणायचे, त्यावर ट्रॉफी मिळायची. आलेलं गिऱ्हाईक कुणी मुद्दाम पुढच्या दारी धाडतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. आणि पैशांपेक्षाही माझ्या मनात तुमचं ते वाक्य रुतून बसलंय, "चांगला माल आहे तिच्यापाशी." अनोळखी माणसासमोर, मी ऐकत नसताना. तोपर्यंत मी सगळ्यांसाठी बँक सोडून बसलेली बाई होते. तुम्ही मला त्या गृहस्थांपुढे नर्सरीवाली केलंत.

घरी सांगितलं तर आमचे अहो म्हणाले, अशी माणसं आता राहिली नाहीत. मला ते पटत नाही. ती आहेत, फक्त ती स्वतःबद्दल बोलत नाहीत म्हणून आपल्याला दिसत नाहीत. गांधीबागेतला एक कापडवाला मला दरवेळी सांगतो, हे कापड माझ्याकडे महाग पडेल, दोन दुकानं सोडून बघा. आमच्या गल्लीतला सायकल दुरुस्तीवाला नुसती हवा भरायची असेल तर पोरांकडून पैसे घेत नाही. अशांना कुणी पुरस्कार देत नाही, 'वर्षातील उद्योजक' म्हणून त्यांचा फोटोही कुठे लागत नाही. फोटो लागतात ते ज्यांनी मला जंबेरी विकली त्यांचे. त्यांचा हार घातलेला एक मोठा फ्लेक्स मध्यंतरी मी चौकात पाहिला. हे लिहिताना जरा बरं वाटलं, माफ करा.

तुम्हाला मी काही परत देऊ शकेन असं वाटत नाही, आणि तुम्ही घेणारही नाही. पण एक ठरवलंय ते सांगून ठेवते. यंदा हिवाळ्याच्या सीझनल फुलझाडांसाठी तुम्ही आणि मी वेगवेगळा माल मागवायचा नाही. एकच ट्रक बोलवू, भाडं निम्मं निम्मं. शेवंती आणि झेंडू तुमच्याकडे उतरवू, पिटुनिया आणि डेलिया माझ्याकडे. हिशेब मी लिहीन, बँकेत एवढं तरी शिकले. आणि गिऱ्हाईकाला डेलिया हवा असेल आणि तो तुमच्याकडे खरोखरच नसेल, तेव्हाच माझ्याकडे पाठवा.

काकूंना सांगा, मारबतीच्या दिवशी दुकान बंद ठेवून मी दोन्ही मुलांना घेऊन इतवारीत जाणार आहे. त्यांनाही यायचं असेल तर गाडीत जागा आहे. तुम्ही येणार नाही, दुकान कोण बघेल म्हणाल, ते माहीत आहे.

आपली,
वळणावरची नर्सरीवाली