साठ गोल आणि आठ पौंड

कोल्हापूर

प्रिय संजू,
सप्रेम नमस्कार.

मँचेस्टर सिटीच्या एर्लिंग हालँडनं २०२२-२३ च्या फुटबॉल मोसमात प्रीमियर लीगमध्ये केलेल्या ३६ गोलांवर तू भरभरून लिहिलंस, आणि मला डिक्सी डीनबद्दल लिहिल्यावाचून राहवेना. लिव्हरपूल शहरातल्या एव्हर्टन क्लबच्या या सेंटर फॉरवर्डनं, म्हणजे मधल्या आघाडीवीरानं, १९२७-२८ च्या मोसमात लीगच्या ३९ सामन्यांत ६० गोल केले. इंग्लंडच्या वरच्या श्रेणीत आजवर कुणी तिथवर पोचलेलं नाही.

तू म्हणशील, त्या काळी गोल सोपे होते. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम सैल झाला, हे खरंच आहे. आधी पास मिळताना पुढच्या खेळाडू आणि गोलरेषेच्या मध्ये विरोधी संघाचे किमान तीन जण लागत, ते दोन झाले आणि सगळीकडे गोलांची रेलचेल सुरू झाली. मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅम्सेलनं आदल्या वर्षी दुसऱ्या श्रेणीत ५९ केले होते. पण नियम तर सगळ्यांसाठीच बदलला होता ना? मग साठवर एकटाच कसा पोचला?

आणि तोही कोणत्या अवस्थेतून! बर्कनहेडचा हा पोरगा ट्रॅनमियर रोव्हर्सकडून १९२५ मध्ये ३,००० पौंडांना एव्हर्टनकडे आला. पुढच्याच वर्षी उन्हाळ्यात उत्तर वेल्समध्ये मोटारसायकलचा भीषण अपघात झाला. कवटी आणि जबडा दोन्ही मोडले. आता हा खेळेल की नाही, अशी डॉक्टरांना शंका होती. ऑक्टोबरमध्ये गडी मैदानावर हजर, आणि पुढे हेडरसाठीच, म्हणजे डोक्यानं मारलेल्या गोलांसाठीच, तो ओळखला गेला! इंग्लंडसाठी पहिल्या पाच सामन्यांत १२ गोल केले, तेही त्याच मोसमात. मोडलेल्या कवटीनं परत उडी मारायची म्हणजे काय धाडस लागतं, हे आपण शाहू स्टेडियमवर डोकी आपटताना पाहिलेलं आहे, तुला वेगळं सांगायला नको.

५ मे १९२८ ला गुडिसन पार्कवर आर्सेनलशी शेवटचा सामना. एव्हर्टनचं लीगचं विजेतेपद आधीच पक्कं झालं होतं, तरी मैदान गच्च भरलेलं. लोक डीनसाठी आले होते. त्याचे तोवर ५७ झाले होते. त्यानं दोन मारून कॅम्सेलला गाठलं. मग सामना संपत आलेला असताना ॲलेक ट्रूप या बुटक्या स्कॉटिश विंगरनं कॉर्नर घेतला, आणि डीननं डोक्यानं साठावा जाळ्यात धाडला. आर्सेनलनं नंतर बरोबरी साधली, ३-३, पण त्याची आठवण कोण ठेवतो!

आता माझं खरं म्हणणं ऐक. तेव्हा लीगच्या नियमानं खेळाडूला आठवड्याला जास्तीत जास्त आठ पौंड मिळत, उन्हाळ्यात सहा. साठ गोल करा की सहा, हीच मर्यादा. शिवाय करार संपला तरी क्लबनं सोडल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नसे. हजारो लोक तिकीट काढून ज्याला बघायला येत, त्याला आपल्या खेळाचा भाव ठरवण्याची मुभाच नव्हती. याचा मला मनापासून राग येतो. वेतनाची ही मर्यादा १९६१ पर्यंत टिकली.

एव्हर्टन १९३० मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरला, पण डीन तिथंच राहिला. १९३१ ला दुसऱ्या श्रेणीचं विजेतेपद, १९३२ ला पहिल्या श्रेणीचं आणि १९३३ ला एफए कप ही इंग्लंडची बाद फेरीची स्पर्धा, अशी लागोपाठ तीन वर्षं जिंकत त्यानं संघाला उभं केलं. कपच्या त्या अंतिम सामन्यात खेळाडूंच्या पाठीवर पहिल्यांदाच १ ते २२ असे आकडे होते. डीन ९ नंबरचा. मँचेस्टर सिटीला ३-० हरवताना त्यानंही एक गोल केला. एव्हर्टनसाठी लीगमध्ये ३९९ सामने, ३४९ गोल. १९३८ मध्ये नॉट्स काउंटीकडे गेला, मग आयर्लंडमध्ये स्लायगो रोव्हर्सकडून थोडं खेळला. नंतर चेस्टरला पब चालवला आणि लिटलवुड्स या फुटबॉल-पूल्स कंपनीत हमालाची नोकरी केली. श्रमाला मी कधीच कमी लेखणार नाही, पण या खेळाडूचं म्हातारपण अधिक सुखाचं जायला हवं होतं. १९७६ मध्ये त्याचा उजवा पाय कापावा लागला. १ मार्च १९८० ला गुडिसनवरच एव्हर्टन-लिव्हरपूल सामना बघताना त्याचं निधन झालं.

पुढच्या पत्रात तुझं उत्तर हवं: हालँडचे ३६ मोठे, की साठ? आकडे दे, पण आठ पौंडही हिशेबात धर.

तुझा,
विजू