तुवालूची खरी अडचण

हवामानबदलाच्या बातम्यांत प्रशांत महासागरातला तुवालू येतो तो केवळ ‘बुडणारा देश’ म्हणून. हे चित्र अपुरे आहे. नऊ प्रवाळबेटांची मिळून जमीन जेमतेम २६ चौरस किलोमीटर. नदी एकही नाही. छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवायचे. २०११ मध्ये पावसाने दडी मारली आणि आणीबाणी जाहीर करावी लागली. जमीन बुडण्याआधीच खारे पाणी सच्छिद्र प्रवाळातून खालून झिरपते आणि खड्ड्यांत लावलेला पुलाका, म्हणजे अळूच्या जातीचा कंद, कुजतो.

पैसा मात्र समुद्रातूनच येतो. टूना पकडणाऱ्या परदेशी जहाजांना परवाना दिवसांवर विकतात: एका जहाजाचा एक दिवस, किमान ८,००० अमेरिकी डॉलर. शेजारी देशांनी हा दर मिळून ठरवला, म्हणून कंपन्यांना एकेका देशाला झुकवता येत नाही. छोट्या देशांची ही एकजूट मला फार मोलाची वाटते. तरी पाण्याचे तापमान बदलून मासे सरकले की उत्पन्नही हलते.

संसद १६ सदस्यांची, पक्ष नाहीत. दोन-तीन जण फिरले की सरकार डळमळते. त्यातच २०२३ च्या करारानुसार ऑस्ट्रेलिया वर्षाला २८० तुवालूवासीयांना कायम वास्तव्य देते. सुमारे ११ हजार वस्तीतून शिक्षक, परिचारिका गेल्या तर बेटे चालवायची कोणी?

– एक वाचक